विमा नसलेल्या गाडीने धडक दिली तर भरपाई कुठून आणि कशी मिळवायची?

सह्यवाट

विमा संपलेली गाडी येऊन आदळली की घटनास्थळीच कुणीतरी म्हणतं, "त्याचा विमाच नाही, आता काय मिळणार?" आणि तिथेच बरेच जण नाद सोडतात. मला हे पटत नाही. विमा नसला म्हणून देणेकरी नाहीसा होत नाही, कंपनीच्या जागी गाडीचा मालक स्वतः उभा राहतो. त्याच्याकडून पैसे निघायचे असतील तर पहिल्या काही आठवड्यांत काही गोष्टी करायलाच हव्यात, आणि त्याबद्दल एका जागी नीट माहिती मिळत नाही. म्हणून हा धागा.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक प्रसंग धरू. कात्रजजवळ दुचाकीवर भाऊ-बहीण चाललेत. गल्लीतून आलेला पिकअप टेम्पो आडवा घुसतो. भावाच्या नडगीचं हाड मोडतं, मागे बसलेल्या बहिणीच्या मनगटाला फ्रॅक्चर. टेम्पोचा विमा चार महिन्यांपूर्वी संपलेला. मालक म्हणतो, "केस करू नका, गाडीचा खर्च मी देतो."

पोलिसात काय लिहून घ्यायचं, तडजोड करायची की नाही, दावा कुठे लावायचा, आणि मालकाकडे काहीच नसेल तर पुढे काय? जाणकारांनी कलमं आणि फॉर्मसकट लिहावं.

---

पंचनामा

पहिल्या दिवसापासून सुरुवात करू.

११२ वर फोन करा, जखमी असेल तर १०८. गाड्या हलवण्याआधी फोटो घ्या: दोन्ही नंबरप्लेट, चाकांच्या खुणा, फुटलेल्या काचा नेमक्या कुठे पडल्या, जवळचं दुकान किंवा खांब ज्यावरून जागा ओळखता येईल. टेम्पो कोण चालवत होतं त्याचाही फोटो हवा. नंतर "चालक दुसराच होता" असं सांगून परवानाधारक नातेवाइकाला पुढे करण्याचा प्रकार नेहमीचा आहे.

रुग्णालयात दाखल करताना "रस्ता अपघात, टेम्पोची धडक" असं सांगा आणि एमएलसी (पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करून घ्या. केसपेपरवर "गाडीवरून पडून" असं लिहिलं गेलं तर पुढे तो एकच शब्द तुमच्या विरोधात वाचला जातो.

अपघातात हाड मोडलंय, तेव्हा गुन्हा दखलपात्र आहे. एनसीवर (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवर) किंवा ठाणे दैनंदिनीतल्या नोंदीवर समाधान मानू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकार वाहन चालवणं) आणि १२५ (ब) (गंभीर दुखापत) लागतं. हाड मोडणं हे कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापतीत मोडतंच, फक्त डॉक्टरांच्या इजा प्रमाणपत्रात "फ्रॅक्चर" हा शब्द आला पाहिजे. त्याबरोबर मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ आणि १९६ लावायला सांगा. विमा नसल्याची नोंद एफआयआरमध्येच आली की पुढचं बरंच काम सोपं होतं. कलम १९६ खाली पहिल्या वेळेला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुढच्या वेळी ४,०००. दंड किरकोळ आहे. नोंदीचं मोल त्याहून कितीतरी जास्त.

१ एप्रिल २०२२ पासून तपास अधिकाऱ्याला ठरावीक फॉर्म भरावे लागतात. ४८ तासांत पहिला अपघात अहवाल (फॉर्म १), ५० दिवसांत अंतरिम अहवाल (फॉर्म ५), ९० दिवसांत सविस्तर अहवाल (फॉर्म ७). हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे (अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या खास न्यायालयाकडे) जातात. जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म २ दहा दिवसांत मिळायला हवा. मिळाला नाही तर लेखी मागा. या फॉर्मांची नावं घेऊन बोललात की समोरचा अधिकारीही सावधपणे काम करतो.

---

टिंब

एमपरिवहन या सरकारी अॅपवर "विमा संपला" दिसलं म्हणजे विमा नाहीच, असं धरायचं का?

---

तळटीप

@टिंब, नाही. तपासणी पुरी झाल्याशिवाय "विमा नाही" हे मान्यच करू नका.

दुचाकीपासून सुरू करू. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा आणि नव्या खासगी कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा) विमा सक्तीने एकत्रच घ्यावा लागतो. मालक दरवर्षी नूतनीकरण करतो ते स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचं. तो भाग संपला की त्यालाच वाटतं विमा संपला. आपल्याला लागतो तो थर्ड पार्टी, आणि तो चालू असू शकतो. गाडीच्या पहिल्या नोंदणीची तारीख बघा.

एमपरिवहनवरची नोंद मागे पडलेली असू शकते. विमा माहिती ब्युरोच्या 'व्ही सेवा' पानावर गाडी क्रमांक आणि अपघाताची तारीख टाकून शोधा. शेवटच्या पॉलिसीचा क्रमांक मिळाला तर त्या कंपनीला लेखी विचारा.

चेक न वटल्याने पॉलिसी रद्द झालेली असेल, तर रद्द केल्याचं कंपनीने मालकाला अपघाताच्या आधी कळवलं होतं का, हा खरा प्रश्न. कळवलं नसेल तर तिऱ्हाइताला भरपाई कंपनीनेच द्यायची आणि मग मालकाकडून वसूल करायची. सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा लक्ष्मम्मा निकाल यावरच आहे.

चालकाकडे परवाना नाही हा वेगळा मुद्दा. तिथे पॉलिसी असते, फक्त अटभंग झालेला असतो. बहुतेक वेळा कंपनी आधी देते आणि मालकाकडून वसूल करते. "परवाना नाही म्हणजे विमा नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आणि एसटीची बस असेल तर विमा शोधत बसू नका. कलम १४६ मध्येच सरकारी वाहनांना आणि स्वतःचा निधी ठेवणाऱ्या परिवहन महामंडळांना सूट आहे. दावा थेट महामंडळावर लावायचा.

---

दख्खनी

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून कुणी लिहिली नाही: तो टेम्पो पोलीस ठाण्याच्या आवारातून बाहेर जाऊ देऊ नका.

अपघातातली गाडी पोलीस ताब्यात घेतात, मोटार वाहन निरीक्षक तपासतो, आणि लगेच मालक न्यायदंडाधिकाऱ्याकडे सुपूर्दनाम्यावर गाडी सोडवायचा अर्ज करतो. जखमी माणूस तेव्हा रुग्णालयात असतो, विरोध करायला कुणी नसतं, गाडी सुटते. सुटलेली गाडी महिन्याभरात विकली जाते. मग तीन वर्षांनी तुमच्या हातात निकाल येतो आणि वसूल करायला काहीच उरलेलं नसतं.

कायदा मात्र तुमच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने उषा देवी विरुद्ध पवन कुमार या प्रकरणात १३ सप्टेंबर २०१८ रोजी सगळ्या राज्यांना दिल्लीच्या धर्तीवर नियम करायला सांगितले. त्याचं सार असं: अपघातात मृत्यू, इजा किंवा मालमत्तेचं नुकसान झालंय आणि गाडीला थर्ड पार्टी विमा नाही, तर नोंदणीकृत मालकाने भरपाईपोटी पुरेसं तारण दिल्याशिवाय न्यायालयाने गाडी सोडायची नाही. तारण आलं नाही तर ताबा घेतल्यापासून तीन महिने संपल्यावर गाडीचा जाहीर लिलाव करायचा आणि ती रक्कम १५ दिवसांत न्यायाधिकरणात भरायची.

इथे एक बारकावा आहे आणि तो बऱ्याच वकिलांच्याही नजरेतून सुटतो. सुपूर्दनाम्याचं बंधपत्र म्हणजे "न्यायालय सांगेल तेव्हा गाडी हजर करीन" एवढंच. ते भरपाईचं तारण नाही. तारण म्हणजे बँक हमी, मुदत ठेव, ऐपत दाखला असलेला जामीनदार, किंवा जमिनीवर बोजा. मालकाने एक लाखाचं बंधपत्र दिलं म्हणून खूश होऊ नका.

म्हणून घरातल्या कुणीतरी पहिल्या आठवड्यातच दोन अर्ज द्यावेत. एक पोलीस ठाण्यात: "गाडीला विमा नाही, सोडण्याबाबत आमचं म्हणणं ऐकावं." दुसरा त्या हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, सरकारी वकिलांना प्रत देऊन. सोबत एफआयआरची प्रत, एमएलसी, तोपर्यंतची बिलं आणि रुग्णालयाने दिलेला पुढच्या खर्चाचा अंदाज जोडा. तारण किती मागायचं हे त्या अंदाजावरच ठरतं.

---

मधुरा_क

दख्खनी यांचा मुद्दा गंभीर इजेला लागू आहे, मान्य. पण प्रत्येक वेळी कोर्टाची पायरी चढायला सांगणं मला योग्य वाटत नाही. अंगाला ओरखडाही नाही, बंपर आणि दिवा फुटलाय, खर्च बारा-पंधरा हजार. अशा वेळी समोरचा पैसे देतोय तर घ्यावेत. न्यायाधिकरण, वकील, तारखा यात त्याहून जास्त जाईल.

---

गॅरेजमास्तर

मधुराताई, बारा-पंधरा हजारांचा तुमचा आकडा अगदी मोक्याचा आहे. स्वतःचा सर्वसमावेशक विमा असेल तर दुरुस्ती त्यातून करता येते, पण नेमकी त्या रकमेच्या आसपास ती परवडेनाशी होते. हिशोब मांडतो.

सव्वाचार वर्षांची, १,५०० सीसीच्या आतली कार. झीरो डेप (घसारा न कापण्याचं जादा संरक्षण) नाही. बिल, जीएसटी सोडून: बंपर ६,०००, दरवाजाचा पत्रा १२,०००, पुढची काच ७,०००, मजुरी ९,०००, रंगकाम ८,०००. एकूण ४२,०००.

प्लास्टिक, रबर, नायलॉनवर ५० टक्के घसारा, म्हणजे बंपरचे ३,००० तुमचे. चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर ३५ टक्के, ४,२०० तुमचे. काचेला घसारा नाही. रंगात मालाचा वाटा एकूण रंगकामाच्या २५ टक्के धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे १,०००. सक्तीची वजावट १,०००. तुमच्या खिशातून ९,२००, कंपनीकडून ३२,८००.

त्यात नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जोडा. यंदा ४५ टक्के असेल, क्लेम घेतला नसता तर पुढच्या वर्षी ५० झाला असता. क्लेम घेतला की शून्य. गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता ९,००० असेल तर पहिल्याच वर्षी ४,५०० जास्त जातात. म्हणजे समोरच्याकडून मागायची रक्कम ९,२०० नाही, निदान १३,७०० आहे. लोक घसारा मागतात आणि बोनस विसरतात.

आणखी दोन गोष्टी. सर्व्हेअर येईपर्यंत गाडी उघडू नका, तुटलेले भाग फेकू नका. आणि स्वतःच्या कंपनीकडून क्लेम घेणार असाल तर समोरच्याला "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली" असं लिहून देऊ नका. कंपनी पैसे देते तेव्हा समोरच्याकडून वसुलीचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. तो हक्क तुम्ही आधीच सोडून दिलात तर ती क्लेम नाकारू शकते.

---

कागदकाम

> समोरचा पैसे देतोय तर घ्यावेत

फक्त गाडीचं नुकसान असेल तर सहमत. पण कागद नीट करा.

साध्या वहीच्या पानावर नको, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा (ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० आणि २०० चे चालत नाहीत). दोघांची नावं, गाडी क्रमांक, परवाना क्रमांक, तारीख, जागा, धडक कशी झाली ते दोन ओळींत. मग हे वाक्य: "ही रक्कम केवळ वाहनाच्या नुकसानीपोटी असून शारीरिक इजेबाबतचा कोणताही हक्क सोडलेला नाही." मानेला किंवा पाठीला लागलेलं पुष्कळदा दोन दिवसांनी कळतं.

रक्कम यूपीआयने घ्या आणि शेऱ्यात "अपघात भरपाई, अंशतः" लिहायला सांगा. हप्त्यांनी देणार असेल तर पुढच्या तारखांचे चेक घ्या. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस वाट बघायची, त्यानंतर महिन्याभरात चेक न वटण्याबद्दलची (परक्राम्य संलेख कायदा, कलम १३८) तक्रार. चेकची वैधता तीन महिने असते, तेव्हा खणात ठेवून विसरू नका.

सह्यवाट यांच्या प्रसंगात मात्र दोघांची हाडं मोडलीत. तिथे उपचार संपेपर्यंत कसलाही अंतिम कागद करू नये. आज प्लेट बसवली, वर्षाने ती काढायचं दुसरं ऑपरेशन असतं.

---

मधुरा_क

इजेबद्दलचं वाक्य महत्त्वाचं आहे, आभार. मीही गाडीपुरतंच म्हणत होते.

---

ऊसपट्टा

आमच्याकडे सांगली-कोल्हापूर भागात हंगामात वेगळाच पेच असतो. ट्रॅक्टरचा विमा असतो, मागच्या दोन ट्रॉल्यांचा नसतो, कधी ट्रॉलीची नोंदणीच नसते. धडक ट्रॉलीची बसली की कंपनी हरकत घेते. शिवाय शेतीसाठी म्हणून घेतलेल्या पॉलिसीवर भाड्याने ऊस वाहतूक चाललेली असते, तीही हरकत येते.

म्हणून पंचनाम्यात ट्रॅक्टर आणि प्रत्येक ट्रॉलीचा क्रमांक वेगवेगळा लिहून घ्या. क्रमांक नसेल तर "क्रमांक नाही, मागे परावर्तक पट्टी नाही, दिवा नाही" असं लिहा. वाहतूक करार कुणाच्या नावावर आहे ते कारखान्याच्या शेती विभागात कळतं. तो ठेकेदार कोण, हे वसुलीच्या वेळी फार उपयोगी पडतं.

---

नदीकाठ

भरपाई पुढे कधी मिळेल तेव्हा मिळेल, रुग्णालयाचं बिल आज भरायचंय. त्याबद्दल.

५ मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची रोकडरहित उपचार योजना लागू आहे: प्रत्येक जखमीला १.५ लाख रुपयांपर्यंत, अपघातापासून ७ दिवस, नेमलेल्या रुग्णालयात. धडक देणाऱ्या गाडीचा विमा आहे की नाही याच्याशी याचा संबंध नाही, पैसा मोटार वाहन अपघात निधीतून येतो. मात्र अपघाताची खातरजमा पोलिसांकडून व्हावी लागते, म्हणून ११२ ला फोन झालेला असणं महत्त्वाचं. त्यानंतरच्या उपचारांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, तो रुग्णालयातच बसतो.

बँकेच्या पासबुकात २० रुपयांची वार्षिक कपात दिसते का बघा. ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायम अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला १ लाख. साध्या फ्रॅक्चरला काही नाही. मृत्यूच्या दुःखात घरच्यांना हे आठवत नाही, म्हणून शेजाऱ्या-पाजाऱ्यांनी आठवण करून द्यावी.

जखमी किंवा मृत व्यक्ती शेतकरी कुटुंबातली असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना, तालुका कृषी कार्यालयात. मृत्यू किंवा दोन अवयव गमावल्यास २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख.

---

टिंब

हिट अँड रनचे २ लाख मिळतात ते यात बसत नाहीत का?

---

कागदकाम

@टिंब, इथे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ ची ती योजना (मृत्यूला २ लाख, गंभीर इजेला ५०,०००) वाहन कोणतं तेच सापडलं नाही अशा अपघातांसाठी आहे. गाडी माहीत आहे पण विमा नाही, तर ती लागू होत नाही. वाहन सापडलं नसेल तर प्रांत किंवा तहसीलदारांकडे फॉर्म १ मध्ये अर्ज करायचा.

आता मुख्य दाव्याकडे.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, कलम १६६ खाली. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, तिन्हीपैकी कुठेही लावता येतो. टेम्पो लातूरचा असला तरी पुण्यातच लावा.

मुदत अपघाताच्या तारखेपासून सहा महिने. एफआयआरच्या किंवा डिस्चार्जच्या तारखेपासून नाही. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पोलिसांचा सविस्तर अहवालही कलम १६६(४) प्रमाणे दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो, तरी स्वतःचा अर्ज लावाच.

कलम १६४ हा दुसरा रस्ता: चूक कुणाची ते सिद्ध करायचं नाही, मृत्यूला ५ लाख, गंभीर इजेला अडीच लाख ठरावीक. विमा नसेल तर हे मालकाने द्यायचे. कायम अपंगत्व राहणार नसेल तर हा रस्ता विचारात घ्या. कायम अपंगत्व राहणार असेल तर १६६ मध्ये जास्त निघतं. उदाहरणार्थ वय २९, स्वतःचा व्यवसाय, महिना २५,०००, आणि कामावर परिणाम करणारं अपंगत्व १० टक्के. वार्षिक ३ लाख, भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून ४.२ लाख, या वयाचा गुणक (वयानुसार न्यायालयाने ठरवलेला वर्षांचा आकडा) १७, त्याचे १० टक्के: ७,१४,०००. यात उपचार, बुडालेली मजुरी, प्रवास, देखभाल, वेदना हे वेगळं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडून घ्या. आणि डॉक्टर "पायाचं ३० टक्के" लिहितात ते पूर्ण शरीराचं किंवा कमाईचं नव्हे. पाय मोडलेला लेखनिक आणि पाय मोडलेला हमाल यांचं नुकसान न्यायालय वेगवेगळं मोजतं. त्यामुळे कामाचं स्वरूप अर्जात सविस्तर लिहा.

प्रतिवादी कोण करायचे, यात सर्वांत जास्त घोटाळे होतात. चालक, आरटीओच्या नोंदीतला मालक, आणि प्रत्यक्ष वापरणारा, तिघांनाही करा. "मी गाडी कधीच विकली, टीटी फॉर्मवर (मालकी हस्तांतराच्या अर्जावर) सह्या दिल्यात" असं मालक म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) मध्ये स्पष्ट सांगितलंय की नोंदीत ज्याचं नाव तो मालक, मधले व्यवहार जखमीने शोधत बसायचे नाहीत.

मेडिक्लेममधून बिल भरलं असेल तरी वैद्यकीय खर्च मागा. मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवलं आहे. मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे जातात, तेव्हा आधी झेरॉक्सवर रुग्णालयाचा शिक्का मारून घ्या.

---

पंचनामा

जाता जाता, आपल्यातले जे गाडी विकणार आहेत त्यांनी कागदकाम यांचा नवीन कुमारचा परिच्छेद दोनदा वाचावा. फॉर्म २९ आणि ३० देऊन थांबू नका, आरसीवर नाव बदललेलं डोळ्यांनी बघा.

---

सॅनहोजेकर

इकडे कॅलिफोर्नियात हाच प्रश्न आपल्याच पॉलिसीतून सुटतो. 'अनइन्शुअर्ड मोटरिस्ट' नावाचं संरक्षण कंपनीने देऊ करणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि नको असेल तर लेखी नकार द्यावा लागतो. नव्याने आलेले लोक हप्ता वाचवायला तिथेच सही करतात. करू नका. गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र ३,५०० डॉलरपुरताच असतो, त्यापुढे स्वतःचं कोलिजन (आपल्या गाडीच्या धडकेच्या नुकसानीचं संरक्षण) लागतं. भारतात असं काही मिळतं का?

---

तळटीप

@सॅनहोजेकर, त्या स्वरूपाचं नाही. जवळचं म्हणजे मालक-चालकाचं सक्तीचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण. धडक कुणाचीही असो, ते मिळतं, पण फक्त मृत्यू किंवा कायम अपंगत्वाला, आणि वैध परवाना असलेल्या मालकालाच. एक अवयव किंवा एका डोळ्याची दृष्टी गेली तर ५० टक्के. घरातला दुसरा कुणी चालवत असेल तर तो यात येत नाही, त्याच्यासाठी वेगळं घ्यावं लागतं.

---

घाटवळण

आणि आपल्याच दुचाकीचा विमा संपलेला असेल तर? बरेच जण त्या भीतीने पोलिसात जातच नाहीत.

---

दख्खनी

@घाटवळण, जा. तुमचा विमा नसणं हा वेगळा गुन्हा आहे, २,००० पर्यंत दंड होईल. त्याने तुमचा भरपाईचा हक्क जात नाही. धडक कुणाच्या चुकीने झाली हे वेगळं ठरतं. दोन हजारांच्या भीतीने सात लाख सोडू नका.

---

चार्जिंग

एक राहिलं. डिलिव्हरीवाले वापरतात त्या कमी वेगाच्या इलेक्ट्रिक स्कूटर (२५० वॅटच्या आत, ताशी २५ किमीच्या आत) कायद्याने 'मोटार वाहन'च नाहीत. नोंदणी नाही, विमा नाही, आणि न्यायाधिकरणही नाही. तिथे दिवाणी दावा लावावा लागतो. पण अनेक स्कूटरची मोटर बदलून वेग वाढवलेला असतो. तसं असेल तर ती मोटार वाहन ठरते. म्हणून पंचनाम्यात मोटरवरची पट्टी आणि कंट्रोलर यांचे फोटो लावायला सांगा, आणि मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी मागा.

---

सह्यवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाचा शेवटचा तुकडा. टेम्पोवाल्याच्या नावावर टेम्पोशिवाय काही नाही, तोही कर्जावर. मग?

---

कागदकाम

तरी काही वाटा उरतात, आणि त्यातली पहिली बहिणीसाठी आहे.

मागे बसलेल्या व्यक्तीची चूक नसते. अपघातात दोन्ही वाहनांची थोडी थोडी चूक ठरली, तर ती पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाकडूनही घेऊ शकते (खेन्येई निकाल, २०१५). म्हणून तिच्या दाव्यात भावाच्या दुचाकीची विमा कंपनीही प्रतिवादी करा. भावाची दहा टक्केच चूक ठरली तरी तिची सगळी रक्कम त्या कंपनीकडून येऊ शकते, आणि टेम्पोमालकाकडून वसूल करणं ही कंपनीची डोकेदुखी. अट एकच: दुचाकीची पॉलिसी सर्वसमावेशक हवी. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसणारा येत नाही. यासाठी दोघांचे दावे वेगळे लावा आणि शक्यतो वकीलही वेगळे घ्या, कारण हितसंबंध आडवे येतात.

दुसरं, टेम्पो कुणाचा माल वाहत होता? चालक कुणाच्या पगारावर होता? कामावर असताना धडक झाली असेल तर मालकाबरोबर नोकरी देणाराही जबाबदार धरता येतो. पंचनाम्यात टेम्पोतला माल आणि मालाचं चलन (मालासोबतची पावती) नोंदवायला सांगा.

तिसरं, वसुली. कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देतं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शहरात राहणाऱ्या टेम्पोवाल्याचं नाव गावाकडच्या सातबाऱ्यावर अनेकदा असतं. महाभूलेखवर गावनिहाय नावाने शोधता येतं. दावा लावतानाच त्या हिश्शाच्या विक्रीला मनाई मागा. निकालानंतर मागितली तर तोवर बक्षीसपत्र झालेलं असतं. नोकरी असेल तर पगारातून साधारण एक तृतीयांश जप्त होऊ शकतो.

---

दख्खनी

टेम्पो कर्जावर आहे म्हणून लिलावाचा नाद सोडू नका, हे जोडतो. फायनान्स कंपनी आपला बोजा दाखवत न्यायालयात येईल आणि गाडी मागेल. तिलाही तोच नियम सांगा: तारण द्या, मग न्या. म्हणून अर्जात आरसीवरच्या हायपोथिकेशनची (कर्जासाठी गाडी तारण असल्याची) नोंद आपण होऊन दाखवा आणि कर्ज किती बाकी आहे याचा उतारा हजर करायचा आदेश मागा.

---

घाटवळण

तीन महिन्यांनी लिलाव आपोआप होतो का, की त्यासाठीही अर्ज लागतो?

---

दख्खनी

अर्ज द्या. आपोआप झालेला बघायला मिळत नाही. पोलिसांच्या जप्ती पंचनाम्यावरची तारीख म्हणजे ताब्याची तारीख. तिच्यापासून तीन महिने मोजा आणि ते पुरे झाले की न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे लिलावाचा अर्ज ठेवा, उषा देवी निकालाची प्रत जोडून. मूल्यांकनासाठी मोटार वाहन निरीक्षकाचा अहवालही त्याच अर्जात मागा. आणि अधूनमधून ठाण्याच्या आवारात जाऊन गाडीचे फोटो घ्या: बॅटरी, स्टेपनी, चाकं जागेवर आहेत का ते बघा. पावसाळा उघड्यावर गेलेल्या टेम्पोची किंमत झपाट्याने घसरते, तेव्हा जूनच्या आधी मुदत पुरी होत असेल तर एक आठवडाही दवडू नका.